समोरच्या घरातला सिनेमा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त मुलांसाठी ठेवलेल्या चित्रपटाआधी सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण)



मी चर्चमध्ये संडे स्कूल घेतो, म्हणून मुलांनी कोणते सिनेमे बघावेत यावर बोला, असं सेक्रेटरींनी मला सांगितलं. त्यांना वाटलं असेल की मी एक यादी वाचून दाखवीन. अशी यादी माझ्याकडे होती. तिचं काय झालं तेच आज सांगतो.

'फ्रोझन' 2013 साली आला. डिस्नेचा. एल्सा आणि अ‍ॅना या दोन राजकन्या बहिणी, आणि एल्साच्या हातातून बर्फ निघतो. आमची धाकटी तेव्हा दुसरीत होती आणि वर्गातल्या सगळ्या मुलींनी तो पाहिला होता. मी पोस्टर पाहिलं, 'जादू' हा शब्द ऐकला आणि विषय संपवला. बायबलमध्ये अनुवादाच्या 18 व्या अध्यायात जादूटोण्याला स्पष्ट मनाई आहे, आपल्या घरात हा सिनेमा नको. ती काही बोलली नाही. मुलगी किती समजूतदार, असं मला वाटलं.

2014 च्या नाताळात समोरच्या काकू शुभेच्छा द्यायला आल्या. केक खाता खाता सहज म्हणाल्या, "तुमची लेक एल्साचं गाणं काय सुरेख म्हणते हो! आमच्याकडे चारदा पाहिलाय तिनं." पोरीचा चेहरा पडला. गृहपाठाला म्हणून ती समोर जात होती. काकूंना बिचाऱ्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

त्या रात्री मी रागावलो नाही, असं सांगितलं तर खोटं होईल. पण सिनेमापेक्षा मला दुसरंच लागलं होतं. सात वर्षांची मुलगी माझ्यापासून लपवायला शिकली होती, आणि मला पत्ता नव्हता.

पुढच्या रविवारी काकूंकडून डीव्हीडी आणली आणि आम्ही सगळे बसलो, आमची आईसुद्धा. सुरुवातीलाच मला चपराक बसली. एल्साकडून चुकून धाकटीला इजा होते, तेव्हा आईबाप काय करतात? राजवाड्याचे दरवाजे बंद करतात, मुलीच्या हातात मोजे घालतात आणि लपवायला शिकवतात. प्रेमापोटीच करतात. मुलगी खोलीत कोंडलेली, धाकटी बाहेरून दार ठोठावतेय. माझी बायको माझ्याकडे बघत होती. मी पडद्याकडे बघत राहिलो.

एल्सा डोंगरावर एकटी गाते, ते गाणं मला खटकलं. आता कुठलाही नियम नाही, असं काहीसं ती म्हणते. मी ते बोललो, तर धाकटी म्हणाली, "पण बाबा, खाली सगळं गाव गोठलंय, तिला माहीतच नाहीये." हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. चार वेळा पाहिल्याचा फायदा!

सगळंच पटलं असं नाही. उपचाराला राजा-राणी मुलीला ट्रोलांकडे नेतात, ते मला आजही रुचत नाही, आणि ते मी तिला सांगितलं. आमच्या आईची तक्रार वेगळीच. "राज्याभिषेकाला बिशप आणि नंतर संकटात कुणी प्रार्थना म्हणून करत नाही!" गंमत म्हणजे ज्या कथेवरून हा सिनेमा सुचला, ती हान्स अँडरसनची 'हिमराणी' 1844 सालची. तिच्यात छोटी गेर्डा बर्फाच्या सैन्यासमोर प्रभूची प्रार्थना म्हणते आणि तिच्या श्वासाच्या वाफेतून देवदूत उभे राहतात. शेवटी आजी उन्हात बसून बायबल वाचत असते. सिनेमात यातलं काही उरलेलं नाही. मी ती गोष्ट नंतर मुलींना वाचून दाखवली, आणि आईला ती सिनेमापेक्षा आवडली.

शेवट तुम्हाला माहीत असेल. दुष्ट राजपुत्र हान्स एल्सावर तलवार उगारतो. स्वतःला वाचवणारा माणूस समोरून धावत येत असताना अ‍ॅना वळते आणि बहिणीच्या आड उभी राहते. ती पुरी गोठते आणि मग त्याच प्रेमानं वितळते. धाकटी म्हणाली, "आजी, हे येशूसारखंच ना?" आमची आई सहसा विचार करून बोलते. ती म्हणाली, "थोडंसं. अ‍ॅनानं बहिणीसाठी जीव टाकला. येशूनं वैऱ्यांसाठीसुद्धा दिला."

पोरगी जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे हान्ससाठीपण?"

सिनेमात हान्सला एक ठोसा मिळतो, तो पाण्यात पडतो आणि आपण टाळ्या वाजवतो. मीही वाजवली होती. त्या रात्री जेवणं उशिरा झाली, कारण हान्सला माफ करायचं म्हणजे त्याला राजवाड्यात राहू द्यायचं का, यावर दोघी बहिणींचं जुंपलं. मोठीचं म्हणणं, माफ करा पण किल्ल्या देऊ नका.

पौलानं इफिसकरांच्या पत्रात मुलांना आईबापांचं ऐकायला सांगितलंय, आणि लगेच बापांनाही बजावलंय की मुलांना चिडीला आणू नका. पहिला भाग मी संडे स्कूलमध्ये कितीदा शिकवला होता!

आजही आमच्याकडे काही सिनेमे लागत नाहीत. पण आता "नको" म्हणण्याआधी मी तो बघतो, आणि का नको ते सांगतो. धाकटी आता कॉलेजात आहे, कधीकधी वाद जिंकते. समोरच्या काकू आज पहिल्या रांगेत बसल्यात. त्यांची डीव्हीडी अजून आमच्याकडेच आहे, हे मी सर्वांसमक्ष कबूल करतो.

बरं, मुलं कंटाळली. मागचे दिवे घालवा कुणीतरी.