मोटारीचे पुढचे पाय



या व्याख्यानमालेत आपण संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता. आज मोटारीच्या पुढच्या चाकांविषयी ऐकावयाचे आहे. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो दबकतच सांगितला. परंतु ज्या औंध संस्थानच्या हद्दीत १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर जागा मिळाली आणि जिथे लोखंडी नांगराचा मोठा कारखाना उभा राहिला, त्या संस्थानच्या राजधानीत लोखंडाविषयी बोलण्यास संकोच कशाला? लोखंडाने जमीन विषारी होते, असे तेव्हाचे शेतकरी म्हणत. जुन्या वस्तूला नवे लोखंड लावायचे म्हटले की घरात काय बोलणे होते, ते आम्हीही अनुभवले आहे.

आमच्या घरी फियाट ११०० आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती जन्मली. पुढे तिचेच नाव पद्मिनी झाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती २०२३ पर्यंत रस्त्यावर होती, तेव्हा आपणांपैकी बहुतेकजण तिच्यात बसलेले असाल. हिच्या शर्यतीही पुष्कळ झाल्या. मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकाळातील विमानतळावर मोटारी पळत, त्यांत फियाट ठरलेली असे. ती गाडी आपणही धावपट्टीवर न्यावी, अशी लहर आम्हां भावांना आली.

आता गाडीचे पाय पाहू. टांग्याला कमानपाटे असतात आणि दोन्ही चाके एका आसावर. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरे कलते. फियाटच्या मागच्या बाजूस आजही तोच प्रकार आहे: अखंड आस आणि पाटे. पुढची चाके मात्र सुटी आहेत. प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक, अशा दोन आडव्या आर्मांनी धरलेले, भार गुंडाळीच्या स्प्रिंगवर, आणि चाक वळते ते किंगपिनभोवती. त्या काळच्या अँबॅसडरला पुढे गुंडाळी नव्हती, पिळाचा दांडा होता. पण तो निराळा विषय.

हे पाय खडीच्या रस्त्यासाठी केलेले, म्हणून मऊ. वेगाने वळण घेतले की गाडी बाहेर कलते, बाहेरच्या चाकावर भार येतो, आणि नेमके तेच चाक डोक्याकडून बाहेर झुकते. टायर सपाट बसण्याऐवजी कडेवर चालतो. मग सुकाणू कितीही फिरवा, गाडी सरळच जाऊ पाहते. तिला कलू द्यायचे नाही, आणि कलली तरी टायर जमिनीवर सपाट ठेवायचा, एवढेच काम.

आम्ही ते कसे बिघडवले, ते आधी सांगतो. एका वर्कशॉपात स्प्रिंगची दोन वेटोळी गॅसने कापून घेतली. हिशेब वरवर बरोबर होता. आठ वेटोळ्यांची सहा केली की स्प्रिंग एक तृतीयांशाने ताठ होते, आणि गाडीही खाली बसते. दिसायलाही ती झकास दिसली. चार दिवसांनी रहिमतपूरहून औंधकडे येताना एका मोरीच्या उंचवट्यावर दोन्ही चाके वर उचलली गेली, सुकाणू हातातून हिसकले आणि गाडी शाळूच्या शेतात शिरली. धाकट्या बंधूंचे मनगट मोडले. शेतकऱ्याने नुकसानीपेक्षा आमच्या अकलेबद्दलच अधिक विचारपूस केली.

घडले ते असे. गाडी खाली बसली तेव्हा आर्म बाहेरच्या टोकाला वर चढले. सुकाणूचा टाय-रॉडही तिरपा झाला. पण त्याच्या टोकाचा मार्ग आणि आर्मांच्या टोकाचा मार्ग आता जुळेना. चाक वर गेले की टाय-रॉड त्याला आपल्याकडे ओढी किंवा ढकली, म्हणजे खड्डाच गाडी वळवू लागला. दुसरे असे की गाडी एका काल्पनिक बिंदूभोवती कलते. गाडी दोन इंच उतरवली आणि तो बिंदू चार इंच उतरला, तर वजन त्या बिंदूपासून उलट लांब गेले. खाली बसवलेली गाडी जास्तच कलू पाहते! तिसरी गोष्ट गॅसची: तापलेल्या ठिकाणी स्प्रिंगचे पाणी उतरते, आणि ती पुढे तिथेच बसते किंवा तुटते.

वडील तीन आठवडे बोलले नाहीत. गाडी त्यांनी घेतलेली, आईला दवाखान्यात नेलेली. मग एके सकाळी म्हणाले, "न्यायची तर न्या. पण गाडीच्या एकाही मूळ भागाला गॅस लावायचा नाही. जे काढाल ते परत बसले पाहिजे." ही अट आम्हांला तेव्हा जाचक वाटली, आमचे काम सुधारले ते तिच्यामुळेच.

नव्या स्प्रिंगा बनवून घेतल्या, जाड तारेच्या. इथे एक गंमत आहे. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. १२ मिलिमीटरची तार १३ची केली तर स्प्रिंग सदतीस-अडतीस टक्के ताठ होते. उलट, स्प्रिंग आर्मच्या मध्यावर टेकत असेल, तर चाकापाशी तिचा ताठपणा चौथाईच उरतो. म्हणून स्प्रिंग हाताने दाबून अंदाज करणारे फसतात. उंची फक्त एक इंच उतरवली. वरचे आर्म नवे, पोलादी नळीचे, मूळच्याच भोकांत बसणारे, पण थोडे आखूड केले. चाकाच्या वरच्या-खालच्या सांध्यांत दोनशे मिलिमीटर धरले, तर सात मिलिमीटरच्या फरकाने चाक दोन अंश आत झुकते. वळणात गाडी कलली की तेच चाक सपाट येते. आडवा दांडा जाड घातला, रबराचे बुश कडक घेतले, शॉकॲब्सॉर्बर नव्या स्प्रिंगांना पेलतील असे. ते जुनेच ठेवले असते, तर गाडी बेडकासारखी उड्या मारीत गेली असती.

टाय-रॉडचे काम सर्वांत वेळखाऊ. स्प्रिंग काढून ठेवायची, चाक जॅकने अर्धा-अर्धा इंच वर न्यायचे, चाकाला बांधलेल्या फळीची पेन्सिल भिंतीवरच्या कागदावर काय रेघ काढते ते पाहायचे. रेघ उभी हवी. आमची पहिली कोयत्यासारखी आली. टाय-रॉडच्या टोकाखाली चकत्या घालीत, काढीत, अकरा रात्री गेल्या. मनगटाचे प्लॅस्टर सुटलेले बंधू पेन्सिल धरीत.

अशी गाडी रस्त्यावर चालवायची नाही, हेही सांगितले पाहिजे; १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या रचनेतील फेरफारांना आवर घालते. आम्ही ती ट्रकवर चढवून चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैला नेली; १९९० साली झालेली, पावणेचार किलोमीटरच्या आतबाहेरची धावपट्टी. पहिल्या फेऱ्यांनंतर टायर हाताने चाचपले, तर आतली कड भाजत होती, बाहेरची कोमट. झुकाव जास्त झाला होता. आर्मचे टोक दोन पेच फिरवून अर्धा अंश कमी केला, आणि दुपारी गाडी वळणात अशी बसली की बंधूंनी आरडाओरडा केला.

परतलो तेव्हा भाचीचे लग्न आले होते, आणि वरात घरच्याच गाडीतून काढायची असे वडिलांनी ठरवून टाकलेले. मूळचे आर्म, बुश, टाय-रॉडच्या चकत्या, सारे तेल लावून गोणपाटात बांधून धान्याच्या कणगीमागे ठेवले होते. वेटोळी कापलेल्या स्प्रिंगा मात्र वाया गेल्या होत्या. त्या जोडीसाठी मुंबईचा जुना बाजार धुंडाळावा लागला. दोन दिवसांत सगळे परत बसले. वडिलांनी गाडी देवळापर्यंत नेऊन आणली, उतरले, पुढच्या मडगार्डावर हात ठेवून दाबून पाहिले, आणि म्हणाले, "डाव्या बाजूला अजून करकर येते." येत होती. बुशला ग्रीस लावायचे राहिले होते.