तुंगभद्राकाठची सायकल-प्रदक्षिणा

ग्रामीण पर्यटन म्हटले की निवास-न्याहारी, हस्तकला आणि लोककला एवढ्याच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. पर्यटक गावात कोणत्या वाहनाने येतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वास्तविक गावाच्या पदरात काय पडते, हे पुष्कळ अंशी त्यावरच ठरते. मोटारीतून आलेले कुटुंब प्रसिद्ध मंदिरापाशी उतरते, छायाचित्रे काढते आणि शहरातील हॉटेलात परतते. तेच कुटुंब सायकलींवर असेल, तर त्याला वाटेत पाणी, सावली, शहाळे, क्वचित पंक्चर काढणारा, असे काही ना काही लागतेच.

कर्नाटकातील हंपी-आनेगुंदी परिसर हे याचे बोलके उदाहरण होय. हंपीच्या स्मारकसमूहाचा 1986 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तुंगभद्रेच्या दक्षिण तीरावरील हंपी आज 2021 मध्ये निर्माण झालेल्या विजयनगर जिल्ह्यात, तर उत्तर तीरावरील आनेगुंदी कोप्पळ जिल्ह्यात येते. हंपीहून सायकलीने तळवारघट्टला यावे, सायकलींसह नावेने नदी ओलांडावी आणि जुन्या तटबंदीच्या दरवाजातून आनेगुंदीत शिरावे. पुढे भातखाचरे व केळीच्या बागांमधून पंपा सरोवर, अंजनाद्रीचा पायथा आणि सणापूरचा तलाव करीत विरूपापूर गड्डी येथे पुन्हा नदीकाठ गाठावा. तेथून नावेने पलीकडे उतरले की समोर विरूपाक्षाचे गोपुर दिसते. गेलेल्या वाटेने परत फिरावे लागत नाही, हे वर्तुळाकार मार्गाचे मोठे सुख.

ही फेरी साधारण 20 किलोमीटरची असून चढ-उतार बेताचेच आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही ती झेपते. कसोटी लागते ती उन्हाची. दुपारी ग्रॅनाइटचे खडक तापतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आणि सकाळची वेळ उत्तम. अंजनाद्रीच्या पाचशेहून अधिक पायऱ्या चढण्याचा हट्ट मुले धरणारच. त्याचा वेळ आधीच हिशेबात धरलेला बरा. विजयनगरकालीन कालव्यांचे पाणी आजही येथील शेतीला मिळते. पाठ्यपुस्तकातील सिंचनाचा इतिहास रस्त्याच्या कडेने वाहताना पाहणे, हा अनुभव मोटारीच्या काचेआडून येत नाही.

केंद्र शासनाच्या पर्यटन मंत्रालयाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने राबविलेल्या ग्रामीण पर्यटन प्रकल्पात आनेगुंदीची निवड झाली होती. येथील स्त्रिया केळीच्या सोपटाच्या धाग्यापासून पिशव्या, टोपल्या व चटया विणतात. अशी वस्तू जेथे तयार होते तेथेच विकली गेली, तर मधला दलाल गळतो.

परंतु हे वर्तुळ पुरे होते ते नदीवर, आणि खरा पेच तेथेच आहे. पर्यटकाला नावेची मौज वाटते. रुग्णाला, विद्यार्थ्याला व शेतमाल नेणाऱ्या शेतकऱ्याला पूल हवा असतो. स्मारकांच्या परिसरात सुरू झालेल्या पुलांच्या बांधकामामुळे 1999 मध्ये हंपीचे नाव धोक्यातील वारशाच्या यादीत गेले आणि 2006 मध्ये ते त्यातून वगळले गेले. दरम्यान 2002 च्या कायद्याने हंपीसाठी स्वतंत्र व्यवस्थापन प्राधिकरण अस्तित्वात आले. आनेगुंदीचा अपूर्ण पूल जानेवारी 2009 मध्ये कोसळून मजुरांचे प्राण गेले. नंतर नदीच्या खालच्या अंगाला बुक्कसागर-कडेबागिलू येथे पूल झाला. वारसा राखण्यासाठी गावकऱ्यांनी किती वर्षे वळसा घालावा, याचे उत्तर केवळ पुरातत्त्वाच्या नियमांत सापडणारे नाही.

विरूपापूर गड्डीची कथा याच्या उलट आहे. तेथे सोयी कमी नव्हत्या, उलट बेसुमार वाढल्या होत्या. फेब्रुवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अनधिकृत ठरविल्यानंतर पुढच्याच महिन्यात तेथील रिसॉर्ट पाडण्यात आली. सायकलस्वाराला एवढ्या बांधकामाची गरजच नसते. त्याला सावलीचा ओटा आणि स्वच्छ पाणी पुरते.

पावसाळ्यात तुंगभद्रा धरणातून विसर्ग वाढला की नावा बंद होतात आणि वर्तुळ तुटते. तेव्हा पुलावरून फिरून येता येते. मात्र तो रस्ता लांबचा व वाहनांच्या वर्दळीचा असल्याने मुलांना घेऊन सायकलीने जाण्याजोगा नाही. अशा दिवशी उत्तर तीरावरच मुक्काम करून आनेगुंदी ते सणापूर एवढाच टप्पा करावा.