घेतली की घेतल्या?

इंग्रजीत ब्रँडच्या नावाला लोक 'एस' लावून अनेकवचन करतात. 'लेगो' कंपनीला तेही नको. 'लेगोच्या विटा' म्हणा, असा तिचा आग्रह. मराठी मात्र बहुधा नावाला हात लावत नाही. 'दोन क्रोसिन घेतल्या', 'चार बिसलेरी आणल्या': मनातल्या गोळीचे, बाटलीचे लिंग-वचन क्रियापद सांभाळते. गुजरातीत गोळी एक असो वा दोन, 'लीधी'च. म्हणून सुरतेतल्या आपल्या नातवंडांच्या तोंडी 'दोन क्रोसिन घेतली' येते. दवाखान्यात रुग्णाला आकडा आठवला नाही, तरी 'क्रोसिन घेतल्या' ऐकताच एकीहून अधिक गोळ्या पोटात गेल्याचे मला कळते. एवढे सांगणारा तो 'ल्या' घरात जपा.