महानोरांचं रान

सोयगाव तालुक्यातलं पळसखेडे हे अजिंठ्याच्या डोंगरांजवळचं गाव. 1942 साली तिथे जन्मलेले कवी ना. धों. महानोर शेती करता करता लिहीत राहिले आणि 1967 मध्ये ‘रानातल्या कविता’ हा संग्रह आला.

मराठवाड्याचं वर्णन म्हटलं की लेखणी सहज दुष्काळाकडे, भेगाळलेल्या जमिनीकडे वळते. महानोरांनी त्याच मातीतला ओलावा टिपला. त्यांचं मोठं साधन चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीवाला सजीवाचे गुण देणं. त्यांच्या रानाला देह आहे, ओढ आहे. पाऊस तिथे प्रियकरासारखा येतो. जोडीला अनुप्रास आणि लोकगीतांची लय, त्यामुळे ओळ वाचता वाचता गुणगुणली जाते. प्रतिमाही बाहेरून आणलेल्या नाहीत, त्या पिकांतून, पाखरांतून, ढगांतून येतात. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण शेतात राबणाऱ्यालाही ती भाषा आपलीच वाटते.

‘अजिंठा’ ही त्यांची दीर्घकविता याच डोंगरातली तरुणी पारो आणि चित्रकार रॉबर्ट गिल यांच्या प्रेमाची. पुढे ‘पानझड’ या कवितासंग्रहाला 2000 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

सुरुवात मात्र ‘रानातल्या कविता’पासून करा, आणि मोठ्यानं वाचा.