गुरूची परीक्षा आणि शिष्याची प्रगती

 

जेथे विद्यादान चालते तेथे एक प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. शिष्य किती शिकला हे पाहून गुरूची योग्यता ठरवावी काय, आणि ठरवावयाची तर ती कोणत्या मापाने? वर्षारंभी शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांसाठी अध्ययनाचे ध्येय लिहून ठेवावे आणि वर्षाअखेर ते कितपत साधले यावरून त्याच्या कामाचे मूल्यमापन व्हावे, अशी रीत परदेशांत अनेक ठिकाणी रूढ झाली आहे. आपल्याकडेही 2017 साली शिक्षणहक्क कायद्याच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन इयत्तावार व विषयवार अध्ययन-निष्पत्ती ठरवून देण्याची तरतूद झाली. ही कल्पना नवी भासते. परंतु तिचे मूळ आपल्या वाङ्मयात फार जुने आहे.

पंचतंत्राचा आरंभ आठवावा. दक्षिण देशातील महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती याचे तीन पुत्र विद्येस विन्मुख होते. व्याकरणालाच बारा वर्षे लागावयाची, मग इतर शास्त्रे केव्हा, अशी चिंता दरबारात चालली असता वृद्ध विष्णुशर्मा पुढे झाला. सहा महिन्यांत राजपुत्रांस नीतिशास्त्रात निपुण करीन, न केल्यास आपले नाव टाकीन, अशी त्याने प्रतिज्ञा केली. आणि राजाने देऊ केलेली शंभर अग्रहारांची देणगी मात्र नाकारली. ध्येय त्याचे स्वतःचे, मुदत स्वतःची आणि कसोटीही स्वतःलाच लावलेली. शिष्यांची वृत्ती ओळखून त्याने ग्रंथ बाजूस ठेवले व कथा हाती घेतल्या. ध्येय ठरविण्याचे खरे फळ हेच की त्यामुळे शिकविण्याची रीत बदलते.

कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'त गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा तंटा रंगविला आहे. श्रेष्ठ कोण हे त्यांच्या शिष्यांचे प्रयोग पाहून ठरवावे, असा तेथे निर्णय होतो. शिष्य मंदबुद्धी असल्यास दोष गुरूचा कसा, अशी शंका निघते. तीस उत्तर मिळते की अपात्र शिष्य पत्करणे हेही गुरूच्याच बुद्धीचे उणेपण होय. भवभूती 'उत्तररामचरिता'त याच्या उलट सांगतो. गुरू बुद्धिमंतास व जडास सारखीच विद्या देतो. फळ मात्र निराळे येते, कारण मणी प्रतिबिंब धरतो, मातीचा गोळा धरीत नाही. या दोन्ही बाजू आजही तितक्याच सजीव आहेत. शिवाय कालिदासाच्या नाटकातील ती परीक्षा मुळात आचार्यांसाठी नव्हतीच; राजास मालविकेचे दर्शन घडावे म्हणून विदूषकाने रचलेला तो बेत होता. परीक्षा घेणाऱ्याचा हेतू दुसराच असला म्हणजे परीक्षेचे काय होते, हे कवीने हसत हसत दाखवून ठेवले आहे.

इतिहासाचा अनुभव याहून कठोर आहे. इंग्लंडात 1862 साली शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व गणिताच्या परीक्षेवर बहुतांशी अवलंबून ठेवण्यात आले. परिणाम असा की ज्याचे पैसे मिळत तेवढेच शिकविले जाऊ लागले, आणि शतक संपण्यापूर्वी ती पद्धत मोडीत निघाली. तिच्या धर्तीची निकालावर अनुदान देण्याची रीत मुंबई इलाख्यातही आली होती. 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या निवेदनात तिचे मर्म उघड केले. ज्या लोकांत शिक्षणाची गोडीच अद्याप उत्पन्न झालेली नाही, अशा गरीब व अज्ञ लोकांसाठी ही पद्धत योग्य नव्हे. तीवर विसंबून कोणी शिक्षक त्यांच्यात शाळा काढणार नाही, कारण त्याचे पोटच भरणार नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. जेथे शिक्षकाची गरज सर्वांत अधिक, तेथूनच त्यास दूर लोटणारे माप ते न्याय्य कसे म्हणावे?

हा प्रश्न या सीमाप्रांतास परका नाही. कलबुर्गी जिल्ह्यातील नागावी येथे अकराव्या शतकात घटिकास्थान होते. 1058 सालच्या शिलालेखात तेथील वेदाचे 200 व शास्त्रांचे 52 विद्यार्थी, वेद व शास्त्रे शिकविणारे प्रत्येकी तीन अध्यापक आणि ग्रंथभांडार सांभाळणारे सहा जण यांची नोंद आहे. त्याच जिल्ह्याचा क्रम 2025 च्या दहावीच्या निकालात कर्नाटकात सर्वांत शेवटी लागला. उत्तीर्णांचे प्रमाण 42.43 टक्के होते, तर दक्षिण कन्नड जिल्ह्याचे 91.12. तत्पूर्वी 2024 साली परीक्षेच्या दालनांत कॅमेऱ्यांची देखरेख आली आणि सवलतीचे गुण वाढवूनही राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 83.89 टक्क्यांवरून 73.40 वर उतरला. निकाल हीच सर्वांची अब्रू ठरली म्हणजे आकडा फुगतो आणि विद्या मागे राहते, हा त्यातील धडा आहे.

मग ध्येयच ठेवू नये काय? तसे नव्हे. ध्येयावाचून अध्यापन म्हणजे सुकाणूवाचून नाव. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात 1999 पासून चार वर्षे शिक्षकांनी स्वतः विद्यार्थ्यांसाठी ध्येये लिहून पाहिली. ज्यांची ध्येये अधिक विचारपूर्वक लिहिलेली होती, त्यांच्या विद्यार्थ्यांची प्रगतीही सरस दिसली. म्हणजे वेतनाच्या लोभाहून ध्येयातील विचार महत्त्वाचा.

असा विचार पाठशाळेतील संथेच्या रीतीत पूर्वीपासून आहे. गुरुजी प्रत्येकाचे म्हणणे स्वतंत्र ऐकतात. एक संथा पक्की झाल्यावाचून पुढली देत नाहीत. कोणाची ऋचा दोन दिवसांत बसते, कोणाची आठ दिवसांत. पण स्वर चुकलेला कोणाचाही चालत नाही. गती ज्याची त्याची, शुद्धता मात्र सर्वांस एकच. हाच नियम गावच्या शाळेस लावून पाहावा. भालकी वा औराद तालुक्यातील एखादे मूल घरी मराठी बोलते, बाजारात कन्नड ऐकते आणि आईबापांपैकी कोणी शाळा पाहिलेली नसते. जूनमध्ये ज्यास अक्षर ओळखता येत नव्हते, ते मार्चमध्ये चार वाक्ये समजून वाचू लागले, तर त्याच्या गुरुजींनी डोंगर चढविला असे समजावे. ज्यास आधीच सारे येत होते त्याचे नव्वद गुण नव्वदच राहिले, तर तेथे गुरूची कमाई ती काय?

म्हणून ध्येय ठरविताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. प्रथम, प्रत्येक मूल आज कोठे उभे आहे हे तपासल्याशिवाय ते कोठे पोहोचावे हे लिहू नये. दुसरे, ध्येय शिक्षकाने स्वतः ठरवावे आणि जाणत्या सहकाऱ्याने ते पारखावे. ते इतके सोपे नसावे की न शिकविताही साधेल, आणि इतके अवघडही नसावे की खोटे लिहिण्याचा मोह व्हावा. तिसरे, ध्येय न साधल्यास प्रथम कारण शोधावे, दंड नव्हे. जुन्या सुभाषिताप्रमाणे विद्येचा एक चतुर्थांश गुरूकडून, एक स्वतःच्या बुद्धीने, एक सहाध्यायांकडून व एक काळाच्या ओघात मिळतो. चतुर्थांशाच्या धन्याकडून पूर्ण रकमेचा हिशेब मागणे अन्यायाचे. परंतु त्या चतुर्थांशाचा हिशेबही न मागणे हा मुलावर अन्याय आहे.

या वर्धापनाच्या मंगल प्रसंगी जमलेल्या भक्तजनांत अनेक पालक आहेत, शाळांच्या समित्यांवरील सभासद आहेत, स्वतः गुरुजीही आहेत. गावी परतल्यावर शाळेत जावे आणि निकाल किती टक्के लागला, एवढेच विचारून थांबू नये. सर्वांत मागच्या ओळीतील मूल वर्षारंभी कोठे होते व आज कोठे आहे, हे विचारावे. ज्या गुरुजींस याचे उत्तर नावानिशी देता येते, त्यांची परीक्षा झालीच आहे. ज्यांस ते देता येत नाही, त्यांस दोष देण्यापूर्वी त्यांच्या वर्गात मुले किती, पुस्तके किती, सोबतीस शिक्षक किती, हेही पाहावे. आणि जे उणे असेल ते पुरविण्यास हात पुढे करावा. नागावीच्या दात्यांनी तेच केले होते.

शुभं भवतु.