एका बाजारगावाचा फुटबॉल हंगाम

श्रोतेहो, वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला मास्तरांनी जर सांगितले की, "बाळ, पहिला आलास, छान झाले, आता पुढच्या वर्षीही याच वर्गात बस," तर तुम्हांला काय वाटेल? आणि वरच्या वर्गात कोणाला घ्यायचे ते त्या वर्गातली मुलेच मते देऊन ठरवतात, असे कळले तर? शिक्षक मंडळी म्हणतील, असली शाळा कुठे नसते. शाळा नसेलही. पण इंग्लंडातल्या फुटबॉलच्या साखळी सामन्यांत हा प्रकार 1986 सालापर्यंत राजरोस चालत होता. त्यातल्याच एका हंगामाची, 1971-72 च्या हंगामाची, हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे.

आधी व्यवस्था काय होती ते थोडक्यात पाहू. वर होती फुटबॉल लीग. तिच्यात चार विभाग आणि 92 क्लब. या चार विभागांत आपापसांत चढउतार होई. वरचे खाली, खालचे वर. पण चौथ्या विभागाच्या खाली मात्र भिंत होती. भिंतीच्या बाहेर प्रांताप्रांतांच्या लीगा. दक्षिणेकडे सदर्न लीग, उत्तरेकडे 1968 साली निघालेली नॉर्दर्न प्रीमियर लीग. इथले खेळाडू निमधंदेवाईक. म्हणजे क्लब त्यांना पैसे देई, पण बहुतेकांचे पोट दुसऱ्याच उद्योगावर चाले. कोणी कारखान्यात, कोणी दुकानात, कोणी बांधकामावर. दिवसभर काम करायचे, आठवड्यातून दोन संध्याकाळी सरावाला यायचे आणि शनिवारी सामना खेळायचा. सामना परगावी असला की बसमध्ये तासन्‌तास बसायचे. हेरेफर्ड पडले वेल्सच्या सीमेजवळ, आणि याच लीगमधले मार्गेट इंग्लंडच्या पार पूर्वेच्या किनाऱ्यावर. जाऊन येईपर्यंत रविवार उजाडायचा आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर!

या लीगमध्ये पहिले आले तर काय मिळे? एक चषक मिळे. वर जायचे असेल तर अर्ज करावा लागे. फुटबॉल लीगच्या चौथ्या विभागातल्या शेवटच्या चार क्लबांनाही आपली जागा राखण्यासाठी अर्ज करावा लागे, आणि मग उन्हाळ्यातल्या वार्षिक सभेत लीगमधले क्लब मते देत. मते देणारे आतले, अर्ज करणारे चार आतले आणि बाकीचे बाहेरचे. आज याच्यावर पाळी आली आहे, उद्या आपल्यावर येईल, हे प्रत्येकाला दिसत होते. तेव्हा बहुतेक वर्षी जुने चारही जण परत निवडून येत. बाहेरच्याने कितीही पराक्रम करावा! यीव्हिल नावाच्या सदर्न लीगमधल्या क्लबाने 1949 साली पहिल्या विभागातल्या संडरलंडला कपाच्या सामन्यात हरवले होते. त्या यीव्हिलला लीगचे दार उघडले ते 2003 साली.

आता आपले हेरेफर्ड. हे शहर म्हणजे मोठे बाजारगावच समजा. भोवती शेती, सफरचंदांच्या बागा आणि जनावरांचा बाजार. तांबडे अंग आणि पांढरे तोंड असलेली हेरेफर्ड जातीची जनावरे इथलीच. ती पुढे जगभर गेली. आपल्याकडे खिल्लार म्हटले की शेतकऱ्याचे डोळे चमकतात, तशी या नावाची ख्याती. फुटबॉलचे मैदान एडगर स्ट्रीटवर, आणि त्याच्या शेजारीच जनावरांचा बाजार. 2011 साली बाजार तिथून हलला. क्लबाचे टोपणनावच 'बुल्स', म्हणजे बैल, आणि मोठ्या सामन्याच्या आधी खराखुरा वळू मैदानाभोवती फिरवायची तिथली चाल. कोल्हापूरकडच्या श्रोत्यांना आपल्या तालमीच्या संघावर पेठेचा जीव कसा जडतो ते सांगायला नको. तसेच इथे होते.

हा क्लब 1939 पासून सदर्न लीगमध्ये खेळत होता. वेल्सचा जगप्रसिद्ध खेळाडू जॉन चार्ल्स, जो इटलीत युव्हेंटससाठी खेळला, तो आपल्या खेळाच्या उतरत्या काळात इथे आला आणि 1971 पर्यंत खेळाडू व व्यवस्थापक अशा दोन्ही नात्यांनी राहिला. त्याच्या जागी कोलिन अ‍ॅडिसन आला. तोही मैदानात उतरणारा व्यवस्थापक.

इंग्लंडात लीगशिवाय आणखी एक स्पर्धा असते, ती म्हणजे फुटबॉल असोसिएशनचा कप. लीगला भिंत आहे, कपाला नाही. गावातल्या लहानशा क्लबापासून राजधानीतल्या श्रीमंत क्लबापर्यंत सगळे त्यात येतात आणि कोणाची गाठ कोणाशी पडायची हे चिठ्ठ्या टाकून ठरते. 1971-72 मध्ये हेरेफर्डला दुसऱ्या फेरीत चौथ्या विभागातला नॉर्थॅम्प्टन मिळाला. दोनदा बरोबरी झाली. तिसऱ्या सामन्यात डडली टायलरच्या गोलाने निकाल लागला. या टायलरच्या हृदयाला जन्मतः छिद्र होते आणि लहानपणी त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. असा मुलगा पळतो काय आणि गोल करतो काय!

तिसऱ्या फेरीची चिठ्ठी निघाली आणि समोर आला न्यूकॅसल. पहिल्या विभागातला संघ. 1951, 1952 आणि 1955 असा पाच वर्षांत तीनदा कप जिंकलेला. माल्कम मॅकडोनाल्ड हा त्यांचा गोल करणारा गडी. त्याला 1971 साली 1,80,000 पौंड देऊन आणलेला. आणि हेरेफर्डकडे? रॉनी रॅडफर्ड, धंद्याने सुतार.

24 जानेवारी 1972 रोजी न्यूकॅसलच्या मैदानावर सामना झाला. पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या आतच हेरेफर्डने गोल केला. न्यूकॅसलने दोन गोल करून आघाडी घेतली, पण अ‍ॅडिसनने लांबून चेंडू मारून 2-2 अशी बरोबरी साधली. नियमाप्रमाणे पुन्हा सामना, तो आता हेरेफर्डच्या घरी. पण पावसापाण्याने मैदान खेळण्याजोगे राहीना. सामना पुढे, आणखी पुढे ढकलला गेला. अखेर 5 फेब्रुवारीचा शनिवार उजाडला. इतर संघ त्या दिवशी चौथी फेरी खेळत होते. या दोघांची तिसरीच अजून सुटायची होती.

मैदान म्हणजे नांगरटीनंतर पाऊस पडलेले शेत. चौदा हजारांवर माणसे जमलेली. जागा मिळाली नाही ते झाडांवर चढून बसले. अशा चिखलात हुशारी चालत नाही, दम चालतो, आणि दमात हेरेफर्डची माणसे कमी नव्हती. तरी सामना संपायला आठएक मिनिटे उरली असताना मॅकडोनाल्डने डोक्याने चेंडू आत ढकलला. न्यूकॅसल 1, हेरेफर्ड 0. संपले, असेच कोणालाही वाटावे.

आणि तेवढ्यात काय झालं म्हणता? मधल्या चिखलात रॅडफर्डने धडपडून चेंडू मिळवला. पुढच्या गड्याला दिला, त्याने तो परत दिला. चेंडू चिखलावर जरासा उसळला. रॅडफर्ड गोलापासून तीस यार्डांवर होता. तिथूनच त्याने सणसणीत लाथ मारली आणि चेंडू गोलच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला. पोरे कुंपण ओलांडून मैदानात घुसली. त्यांना बाहेर काढून खेळ सुरू करावा लागला, तो जादा वेळेत गेला. हेरेफर्डचा बचावपटू रॉजर ग्रिफिथ्स बराच वेळ लंगडत खेळत होता. त्याच्या पायाचे हाड मोडले आहे हे नंतर उघड झाले. त्याच्या जागी आलेला बदली खेळाडू रिकी जॉर्ज. त्यानेच 103 व्या मिनिटाला दुसरा गोल केला. हेरेफर्ड 2, न्यूकॅसल 1. पहिल्या विभागातल्या संघाला भिंतीबाहेरच्या संघाने हरवले, असे 1949 च्या यीव्हिलनंतर हे पहिल्यानेच घडले.

टेलिव्हिजनवाल्यांनी हा सामना रात्रीच्या कार्यक्रमात थोडासाच दाखवायचे ठरवले होते. तो सर्वांत आधी दाखवावा लागला, आणि वर्णन करणारा जॉन मॉट्सन हा तरुण त्या एका दिवसाने नावारूपाला आला. आपण आकाशवाणीवाले हे जरा कौतुकाने सांगतो.

चौथ्या फेरीत लंडनचा वेस्ट हॅम. घरी 0-0, पुढच्या सामन्यात जेफ हर्स्टने एकट्याने तीन गोल करून हेरेफर्डला 3-1 असे घरी पाठवले. म्हणजे नॉर्थॅम्प्टनपासून इथपर्यंत कपाचेच सात सामने झाले. आणि लीगचे सामने काही कोणी माफ करत नाही. सुतारकाम, सराव, बस, चिखल सगळे पुन्हा सुरू. हंगामाच्या अखेरीस सदर्न लीगमध्ये हेरेफर्ड दुसरा आला. पहिला आला चेम्सफर्ड.

इथेच खरा प्रश्न येतो. वर कोण गेले? पहिला आलेला चेम्सफर्ड नव्हे. त्याने ही लीग 1967-68 मध्येही जिंकली होती, पण फुटबॉल लीगमध्ये तो त्यानंतरही कधी गेला नाही. त्या उन्हाळ्यातल्या सभेत हेरेफर्डचे नाव सगळ्यांच्या ओठांवर होते. मतमोजणी झाली, आणि चौथ्या जागेसाठी हेरेफर्ड आणि बॅरो यांची मते सारखी निघाली. पुन्हा मते घेतली. हेरेफर्ड 29, बॅरो 20.

बॅरोची बाजू कोणी फारशी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. हे वायव्य किनाऱ्यावरचे, एका कोपऱ्यात पडलेले जहाजबांधणीचे गाव. 1921 पासून त्यांचा क्लब लीगमध्ये होता. त्या हंगामात चौथ्या विभागात तो 22 वा आला होता. 23 वा स्टॉकपोर्ट होता आणि 24 वा, सर्वांत शेवटचा, क्रू. ते दोघे राहिले आणि त्यांच्या वरचा बॅरो बाहेर गेला! इतक्या दूर सामना खेळायला जाणे इतरांच्या जिवावर येई, असे एक कारण नेहमी सांगतात. हेरेफर्डच्या झाडावर बसून ज्यांनी तो गोल पाहिला त्यांना आनंद झाला, तो रास्तच होता. पण त्याच गोलाची किंमत दुसऱ्या एका कामगारगावाने चुकती केली, आणि ती किंमत गुणतक्त्याने ठरवलेली नव्हती. मला तरी हा व्यवहार चोख वाटत नाही.

हेरेफर्डने मिळालेली जागा सार्थ केली हे मात्र कबूल केले पाहिजे. पहिल्याच वर्षी तो चौथ्यातून तिसऱ्या विभागात गेला, 1976 साली तिसरा विभाग जिंकून दुसऱ्यात गेला. टायलरला वेस्ट हॅमने 1972 सालीच 25,000 पौंड देऊन नेले. भिंतीबाहेरच्या खेळाडूला इतकी किंमत तोवर कोणी दिली नव्हती. पुढे उतरण लागली. दरम्यान नियमही बदलला होता. 1987 पासून भिंतीबाहेरच्या सर्वांत वरच्या लीगचा विजेता वर आणि चौथ्या विभागाचा शेवटचा खाली, असे ठरले. पहिला मान स्कारबरोला मिळाला. त्या नियमाने 1997 साली हेरेफर्डच बाहेर पडला. शेवटच्या दिवशी, आपल्याच मैदानावर, ब्रायटनशी 1-1 अशी बरोबरी झाली. दोघांचे गुण सारखे, पण हंगामात गोल ब्रायटनने जास्त केले होते. 2006 साली हेरेफर्ड परत आला, 2012 साली पुन्हा बाहेर गेला, आणि डिसेंबर 2014 मध्ये कर्जापायी न्यायालयाने तो क्लबच गुंडाळला. गावकऱ्यांनी पुढच्याच वर्षी त्याच मैदानावर नवा क्लब काढला आणि खालच्या लीगांतून लागोपाठ तीन वर्षे विजेता म्हणून वर चढवला.

आणि बॅरो? तो 1972 पासून भिंतीबाहेरच्या लीगांतच खेळत राहिला. 2019-20 च्या हंगामात तो आपल्या लीगमध्ये पहिला होता. मार्चमध्ये कोविडच्या साथीने सामने थांबले आणि मैदाने ओस पडली. उरलेले सामने न खेळता प्रत्येकाच्या गुणांची सरासरी काढून निकाल लावावा, असे त्या लीगच्या क्लबांनी ठरवले. कसे ठरवले? मते घेऊन. सरासरीत बॅरो पहिला आला, आणि 48 वर्षांनी पुन्हा फुटबॉल लीगमध्ये दाखल झाला.