परक्या नगरीत घर घेताना



मराठी मध्यमवर्गाला स्वतःच्या घराची ओढ फार. भाड्याच्या जागेत वीस वर्षे सुखाने राहिलेला मनुष्यही पत्ता सांगताना किंचित अडखळतो आणि हप्ते फेडता फेडता वाकलेला मनुष्य दारावरच्या पाटीकडे बघून सुखावतो. याच संस्कारात वाढलेली मुले-मुली आता नोकरीनिमित्त सिंगापुरास जातात. दोन वर्षे सरली की घरून दूरध्वनीवर विचारणा सुरू होते. “भाड्यात किती घालवायचे? एक घर का घेऊन टाकत नाही?” पुण्यात हा प्रश्न बँकेच्या व्यवस्थापकापुढे ठेवला की पुरे. सिंगापुरात मात्र त्याचे उत्तर तिथले राष्ट्र देते. ते उत्तर नीट समजावे म्हणून आजचा हा विषय.

थोडे मागे जावे लागेल. आज सुमारे ७३५ चौरस किलोमीटरचे, म्हणजे बृहन्मुंबईहून थोडेसेच मोठे असलेले हे बेट १९६० च्या सुमारास झोपड्यांनी आणि दाटीवाटीच्या चाळवजा घरांनी भरलेले होते. १ फेब्रुवारी १९६० रोजी तेथे गृहनिर्माण व विकास मंडळ स्थापन झाले. त्याच्या ‘एचडीबी’ या आद्याक्षरांनीच आज ते ओळखले जाते. पुढच्याच वर्षी, २५ मे १९६१ रोजी, बुकित हो स्वी या वस्तीला आग लागली आणि सुमारे १६,००० माणसे एका दिवसात उघड्यावर आली. त्याच जागेवर मंडळाने वेगाने इमारती उभ्या केल्या. १९६४ मध्ये ही घरे भाड्याऐवजी विकत देण्याची योजना आली. १९६५ मध्ये सिंगापूर मलेशियापासून विलग होऊन स्वतंत्र झाले, १९६७ मध्ये तरुणांना सक्तीची लष्करी सेवा लागू झाली आणि १९६८ पासून भविष्य निर्वाह निधीतील पैसा घरासाठी वापरण्याची मुभा मिळाली.

ही सनावळी मुद्दाम एका दमात सांगितली, कारण तिच्यातील दोन गोष्टी परस्परांशी बांधलेल्या आहेत. पंतप्रधान ली क्वान यू यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत याचा उलगडा केला आहे. चीन, मलाया, भारत अशा ठिकाणांहून आलेल्या स्थलांतरितांची ती वसाहत होती. या लोकांची मुले देशासाठी बंदूक का उचलतील, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. ज्या कुटुंबाचे त्या भूमीवर स्वतःचे घर नाही, त्याचा मुलगा आपण श्रीमंतांच्या मालमत्तेचे रक्षण करतो आहोत असेच मानणार, हे त्यांनी ओळखले. म्हणून आधी घर आणि घराच्या जोडीने सैनिकी सेवा. आज तेथील नागरिक व कायम रहिवासी मिळून चारांपैकी तिघांहून अधिक जण याच मंडळाच्या घरांत राहतात.

तेव्हा सिंगापुरातील घर हा केवळ बाजारातील माल नव्हे. नागरिक आणि राज्य यांच्यातील तो एक करार आहे. बाहेरून आलेल्याने त्यात शिरायचे म्हटले, की दारावरच विचारले जाते, तुम्ही कोण?

एम्प्लॉयमेंट पासवर आलेला मनुष्य हा पाहुणा. एचडीबीचे घर त्याला विकत घेता येत नाही. १९७३ पासून लागू असलेल्या कायद्याने जमिनीसह असलेली स्वतंत्र घरेही सरकारच्या खास अनुमतीविना त्याला बंद आहेत. उरतात खाजगी संकुलांतील सदनिका, ज्यांना तेथे ‘काँडो’ म्हणतात. पण २०११ च्या डिसेंबरात परदेशी खरेदीदारांवर १० टक्के अतिरिक्त मुद्रांक शुल्क बसले. ते चढत चढत एप्रिल २०२३ मध्ये ६० टक्के झाले. म्हणजे १५ लाख सिंगापूर डॉलरच्या सदनिकेवर सर्वांनाच लागणारे साधे शुल्क ४४,६०० डॉलर आणि त्यावर पाहुण्याला आणखी ९ लाख डॉलर. कायम रहिवाशाला पहिल्या घरासाठी हेच अतिरिक्त शुल्क ५ टक्के, म्हणजे ७५,००० डॉलर. नागरिकाला पहिल्या घरावर शून्य.

यातील एक गंमत मराठी घरांना विशेष जाणवण्याजोगी आहे. अमेरिका, स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन या देशांच्या नागरिकांना व्यापार करारान्वये सिंगापूरच्या नागरिकाप्रमाणेच वागवले जाते. भारताचाही सिंगापूरशी २००५ मध्ये सर्वंकष आर्थिक सहकार्य करार झाला, पण त्यात ही सवलत नाही. परिणामी न्यू जर्सीहून बदलीवर आलेला, अमेरिकी नागरिकत्व घेतलेला थोरला भाऊ त्या संकुलात शून्य अतिरिक्त शुल्क भरील आणि नाशिकहून थेट आलेला धाकटा ६० टक्के. रक्त एक, पारपत्र निराळे!

शिवाय पाहुण्याची मुदत दोन-तीन वर्षांची आणि कर्ज मात्र पंचवीस वर्षांचे. नोकरी सुटून पास रद्द झाला, की सामान्यतः ३० दिवस हातात उरतात. मुलांची शाळा, फर्निचर, गाडी या सगळ्यांचा निकाल त्या ३० दिवसांत लावायचा. या हिशेबापुढे भाडे ‘वाया’ गेले असे म्हणणाऱ्या पुण्यातील वडीलधाऱ्यांनी क्षणभर थांबावे.

भाड्याचे घरही सहज मिळते असे नाही. भारतीय किंवा चीनमधील भाडेकरू नकोत अशा जाहिराती तेथे उघडपणे छापल्या जात आणि २०१४ च्या सुमारास जागतिक वृत्तसंस्थांनी त्यांची दखल घेतली. कारण सांगितले जाई ते स्वयंपाकाच्या वासाचे. हे ऐकून संताप येणे स्वाभाविक आहे. मात्र मुंबईत कोणत्या इमारतीत कोणाला घर नाकारले जाते, हे ठाऊक असलेल्यांनी तो जरा जपून व्यक्त करावा.

त्याच नगरीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चीनमधून आलेल्या एका कुटुंबाने शेजारच्या भारतीय घरातील रस्स्याच्या वासाबद्दल तक्रार केली होती. शेजारी घरात नसतानाच रस्सा करावा, अशी तडजोड मध्यस्थीने ठरली. ही हकीकत २०११ मध्ये वृत्तपत्रात आली आणि त्याच वर्षी २१ ऑगस्टला हजारो सिंगापूरकरांनी ठरवून घरोघरी रस्सा शिजवला. त्यांत चिनी वंशाची घरेही होती. हा आपला पदार्थ आहे, असे त्यांनी नवागतांना शिजवून सांगितले.

या आपलेपणामागेही राज्याचे नियोजन आहे. १९८९ पासून एचडीबीच्या प्रत्येक इमारतीत आणि वस्तीत चिनी, मलय, भारतीय व इतर यांचे कमाल प्रमाण ठरलेले आहे. २०१० पासून मलेशियाबाहेरच्या कायम रहिवाशांनाही मर्यादा आहे. वस्तीत ५ टक्के आणि इमारतीत ८ टक्के. म्हणून तळमजल्यावरच्या मोकळ्या ओट्यावर एका आठवड्यात मलय लग्नाचा मांडव पडतो आणि पुढच्या आठवड्यात चिनी अंत्यविधीचा. एकगठ्ठा मराठी गल्ली वसवण्याची कल्पना तेथे संभवत नाही. तोट्याचे म्हणाल, तर इमारतीत चिन्यांचे प्रमाण भरलेले असेल तेव्हा भारतीय विक्रेत्याला चिनी नसलेलाच ग्राहक शोधावा लागतो आणि भाव पडतो.

आता कायम रहिवासी झालेल्या कुटुंबाकडे वळू. पती-पत्नी दोघेही कायम रहिवासी असतील, तर ती अनुमती मिळून ३ वर्षे झाल्यावर त्यांना एचडीबीचे जुने घर पुनर्विक्रीत घेता येते. तेथे एक अट आहे, जी अनेकांना मध्यस्थाच्या कार्यालयात प्रथम कळते. अन्यत्र खाजगी घर असेल, मग ते परदेशात का असेना, तर ते नेमून दिलेल्या मुदतीत निकालात काढावे लागते. म्हणजे कोथरूडची सदनिका. वडिलांनी निवृत्तीचा पैसा घालून, मुलाचे नाव लावून घेतलेली. तिच्यात ते स्वतः राहतात, गॅलरीत तुळस आहे. पलीकडचे घर हवे तर अलीकडचे नाव सोडा. या अटीत फसवणूक कोठेच नाही. नियम छापलेले असतात, वाचण्याचा कंटाळा खरेदीदाराचा. पण त्या सदनिकेवरून बाप-लेकांत जे बोलणे व्हायचे, ते सहीच्या आधी व्हावे. नंतरच्या बोलण्याला फार कडवट चव येते.

मालकी हा शब्दही तेथे जपून वापरावा. एचडीबीची घरे ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने असतात, अनेक काँडोही तसेच. गेलांग लोरोंग ३ येथील १९१ घरांचा ६० वर्षांचा पट्टा २०२० च्या अखेरीस संपला आणि भूमी मोबदल्याविना राज्याकडे परत गेली. नातवंडांसाठी वास्तू ठेवून जाण्याची आपली भाषा तेथील दस्तात बसत नाही.

आणि त्या घरात मुलगा असेल तर? पालकांच्या अर्जातून कायम रहिवासी झालेल्या मुलाला साडेसोळाव्या वर्षानंतर सेवेसाठी नोंदणी करावी लागते आणि साधारण अठराव्या वर्षी दोन वर्षांची पूर्णवेळ लष्करी सेवा. मूळ अर्जदार असलेल्या वडिलांना ती नाही. मुलाने सेवा न करता दर्जा सोडला, तर पुढे तेथे शिकण्या-नोकरीच्या अर्जांवर प्रतिकूल परिणाम होतो आणि आई-वडिलांच्या अनुमतीच्या नूतनीकरणावरही होऊ शकतो. अर्ज करताना तो तीन वर्षांचा असतो, त्यामुळे हा रकाना भराभर भरला जातो. पंधरा वर्षांनी तो भारतीय पारपत्र बाळगणारा तरुण परक्या देशाचा गणवेश चढवणार असतो. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. त्यामुळे सिंगापूरचे नागरिकत्व घ्यायचे ठरले, तर भारताचे सोडावेच लागते. २००५ पासून मिळणारे ओसीआय कार्ड येण्याजाण्याची सोय करते. मात्र मतदान किंवा नवी शेतजमीन खरेदी त्यात नाही. गावच्या सातबाऱ्यावर वारसाने नाव लागू शकते, शेजारचा एकरभर तुकडा जोडता येत नाही.

काही कुटुंबे मुलगा बारा-तेरा वर्षांचा होताच परततात. काही ऑस्ट्रेलियाकडे वळतात. दोघांनाही नावे ठेवण्याचे कारण नाही, जर तो निर्णय उघड्या डोळ्यांनी घेतलेला असेल. पंधरा वर्षे सवलती घेऊन ऐन वेळी काढता पाय घेणाऱ्यांविषयी तेथील आईबापांच्या मनात अढी बसते. ज्यांचे मुलगे गणवेशात आहेत, त्यांची ती अढी समजण्यासारखीच आहे.

जे थांबतात, त्यांचा एक दिवस तेकोंग नावाच्या लहानशा बेटावर जातो. बहुतेकांचे प्राथमिक प्रशिक्षण तेथे होते. नवभरतीच्या दिवशी आई-वडील मुलाबरोबर होडीने जातात, त्याची राहण्याची खोली पाहतात, शपथविधीला उपस्थित राहतात. मग छावणीच्या भोजनगृहात सर्वांना जेवण असते, शाकाहारीही मिळते. आई ताटातले निम्मे मुलाकडे सरकवते, तो नको म्हणतो. परतीची होडी लागल्याची सूचना होते आणि आई-वडील एकटेच घरी निघतात.